स्वतःचा राउटर लावताय? मग या चुका टाळा

कंपनीने दिलेल्या राउटरचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, व्हिडिओ कॉल मधेच अडकतो, म्हणून लोक स्वतःचा चांगला राउटर घेऊन येतात. हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. पण घरी आल्यावर कुणालाच धीर नसतो. खोकं फोडायचं, वायरी उपटायच्या, दिसेल त्या पोर्टमध्ये घालायच्या आणि नेट आलं नाही की "राउटर खराब निघाला" किंवा "आमच्या कंपनीचं नेट दुसऱ्या राउटरवर चालतच नाही" असं ठरवून मोकळं व्हायचं. यासाठी मला ज्या ज्या घरी बोलावलं गेलं, तिथे राउटर खरोखर खराब असल्याची वेळ क्वचित आली. चुका मात्र त्याच त्याच.

जुना डबा उपटून टाकणे

फायबरचं कनेक्शन असेल तर कंपनीने भिंतीवर लावलेल्या डब्याला ओएनटी म्हणतात आणि तो दोन वेगळी कामं करतो. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं नेटवर्कच्या साध्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे पहिलं. ते नेट घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना वाटून देणं हे दुसरं. दुकानात मिळणारा नेहमीचा राउटर फक्त दुसरं काम करतो, त्याला फायबरचं तोंडच नसतं. ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, त्यामुळे बाजारातून दुसरा ओएनटी आणून लावला तरी कंपनीने नोंदवल्याशिवाय तो चालत नाही. तेव्हा जुना डबा जागेवरच राहतो. त्याच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या उपकरणांसाठीचं तोंड) एक केबल निघते आणि तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटचं तोंड) जाते. एवढंच.

हिरव्या टोकाची ती बारीक वायर म्हणजेच फायबर, ती काढून बघू नका. टोकाला बोट लागलं तरी सिग्नल पडू शकतो. प्रकाश येतोय का ते डोळा लावून बघणारेही मी पाहिले आहेत. तो लेसर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही, पण डोळ्यात जातो. हे कधीही करू नका.

रीसेटच्या भोकात पिन घालणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि तिचा सल्ला सगळ्यात सहज दिला जातो. "चालत नाही ना, मग रीसेट मार." तुमच्या नव्या राउटरला रीसेट मारलात तर काही बिघडत नाही, तो कोराच आहे. कंपनीच्या डब्याला मारलात तर त्यात लाइनमनने भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं: लॉगिनचं यूजरनेम-पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर (एकाच लाइनवरची वाहतूक वेगळी ठेवणारा क्रमांक) आणि काही ठिकाणी ओएनटीची ओळख पटवणारा कोडसुद्धा. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं, हे कितीही सांगितलं तरी लोक दोन्हीला रीसेटच म्हणतात आणि फोनवर तसंच सांगतात.

ओळखीच्या एका घरात ऐन गणपतीत हे झालं. पाहुणे आलेले, नातवाचा ऑनलाइन क्लास, आणि उत्साही भाच्याने नवा राउटर जोडताना पिन घातली ती नेमकी कंपनीच्या डब्यात. पॉनचा, म्हणजे फायबरवरून कंपनीशी जोडणी झाली की स्थिर होणारा दिवा लुकलुकत राहिला तो राहिलाच. फोन लावला तर सणात लाइनमन नाही. यूजरनेम कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कनेक्शन घेताना तो कागद कुणी मागितलाच नव्हता. मी गेलो तेव्हा माझ्याही हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अख्खा सण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघाला.

माझी सवय सांगतो. नव्या राउटरच्या खोक्याला हात लावण्याआधी मी जुन्या डब्याचे फोटो काढतो: पुढचे दिवे, मागच्या वायरी, तळाचं स्टिकर. मग ब्राउझरमधून त्याच्या आत जाऊन वॅनचं पान उघडतो आणि तिथे काय लिहिलंय ते कागदावर उतरवतो: पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी) आहे की आयपी पत्ता आपोआप मिळतो, व्हीलॅन किती, यूजरनेम काय. पासवर्ड तिथे ठिपक्यांत झाकलेला असतो, तो कंपनीला फोन करून विचारायचा. हा कागद लाइटबिलांच्या फाइलमध्ये जातो. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचं उपकरण जोडायचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे आणि लागणारी माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची असते. आपल्याकडे मागावी लागते, तर मागा. पहिल्या फोनला "तसं देता येत नाही" म्हणाले तर लाइनमनला विचारा. त्याला माहीत असतं आणि नीट विचारलं तर तो सांगतोही.

वॅनची केबल लॅनमध्ये

राउटरच्या मागे एक पोर्ट वेगळा असतो, बहुधा निळा, "वॅन" किंवा "इंटरनेट" असं लिहिलेला. बाकीचे लॅनचे. बाहेरून येणारी केबल वॅनमध्ये जाते. चूक इतकी छोटी की लोकांना ती सांगायलाही संकोच वाटतो. पण या चुकीने एक अख्खी बिल्डिंग बंद पडलेली मी बघितली आहे.

डोंबिवलीतली जुनी सोसायटी. फायबर घरापर्यंत नव्हतं. स्थानिक ऑपरेटरचा एक स्विच (एका केबलचं नेट अनेक केबलींना वाटणारा डबा) जिन्याखाली आणि तिथून प्रत्येक घरात साधी लॅन केबल. लॉगिन वगैरे काही नाही, केबल लावली की पत्ता आपोआप मिळणार. एका संध्याकाळपासून नेट गंडलं. गंमत नव्हे, त्रास असा की सगळ्यांचं जात नव्हतं. शेजारी-शेजारी दोन घरांत एकाचं चालू, दुसऱ्याचं बंद. ऑपरेटरच्या माणसाने फोनवर नेहमीचं सांगितलं, राउटर बंद करून चालू करा. ज्यांचं चालू होतं त्यांनीही खबरदारी म्हणून तेच केलं, आणि त्यांचंही गेलं. ऑपरेटरने स्विच बदलला. काही फरक नाही.

मित्राच्या घरी मी त्याच्या राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅनचा पत्ता दिसला १९२.१६८.०.११४ आणि गेटवे, म्हणजे नेटकडे जाण्याचं दार, १९२.१६८.०.१. त्या ऑपरेटरचे पत्ते १० ने सुरू व्हायचे, हे मित्राच्या जुन्या स्क्रीनशॉटमध्ये होतं. मग हा १९२ वाला कोण? तो गेटवे ब्राउझरमध्ये टाकला आणि एका घरगुती राउटरचं लॉगिन पान समोर आलं, वर कंपनीचं नाव ठळक. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, या कंपनीचा राउटर नुकताच कुणी घेतलाय का. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतला होता. ऑपरेटरची केबल लॅनच्या पोर्टात. त्यामुळे त्यांचा राउटर जिन्याखालच्या स्विचमार्गे बिल्डिंगभर पत्ते वाटत होता. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं, तेच झालं. ज्याने राउटर बंद-चालू केला त्याने नवा पत्ता मागितला, आणि काकांचा राउटर जवळ असल्याने आधी उत्तर द्यायचा. काकांचं स्वतःचं नेटही बंदच होतं, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. केबल निळ्या पोर्टात घातली, सगळ्यांनी राउटर पुन्हा चालू केले आणि बिल्डिंग ताळ्यावर आली.

स्विचवर ग्राहक एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय ऑपरेटरने करायला हवी होती, त्याची जबाबदारी आहेच. तरी आपल्या घरची केबल आपण बघून लावावी. मी वॅनच्या केबलला दोन्ही टोकांना लाल इन्सुलेशन टेप गुंडाळतो. घरात कुणी झाडताना काढली तरी परत कुठे घालायची हे विचारावं लागत नाही.

तीन पासवर्डांचा गोंधळ

वायफायचा पासवर्ड, राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड आणि कंपनीच्या लॉगिनचा पासवर्ड हे तीन वेगळे आहेत. पीपीपीओईच्या रकान्यात वायफायचा पासवर्ड टाकून तासभर घाम गाळणारे कितीतरी भेटतात.

घाई

यूजरनेम-पासवर्ड बरोबर, तरी नेट येत नाही? बऱ्याचदा जुन्या राउटरचं सेशन (चालू लॉगिन) कंपनीकडे अजून चालू दिसत असतं आणि एका वेळी एकच सेशन चालतं. जुना डबा ब्रिज मोडला (हा काय ते खाली सांगतो) टाकून सगळं बंद करा आणि पंधरा मिनिटं खरंच थांबा. नवशिके नेमकं हेच करत नाहीत. दर मिनिटाला कनेक्ट दाबतात, मग काहीबाही सेटिंग बदलतात आणि सुरुवातीला बरोबर असलेलंही चुकीचं करून ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदला.

थांबूनही येत नसेल तर ऑपरेटरने तुमच्या जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवला असेल. फोन करून नवा नोंदवा. मॅक क्लोन करण्याचा, म्हणजे जुन्याचा क्रमांक नव्याला देण्याचा पर्याय राउटरमध्ये असतो, चालतोही, पण मला तो आवडत नाही. पुढे राउटर बदलला की ही भानगड कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ब्रिज मोडचा हट्ट

व्हिडिओ बघून लोक "डबल नॅट"ला, म्हणजे एकामागे एक दोन राउटर पत्ते बदलत बसण्याला घाबरतात आणि काहीही करून ब्रिज मोडच हवा म्हणतात. ब्रिज मोडमध्ये ओएनटी फक्त प्रकाशाचं काम करतो आणि लॉगिन तुमचा राउटर करतो. रचना म्हणून ती सर्वात स्वच्छ. पण कंपनीच्या डब्यावर लँडलाइन जोडलेली असेल तर ब्रिज केल्यावर फोन चालेल ना, हे आधी विचारा. आई-वडिलांच्या घरी नेट आलं पण फोन गेला, असं व्हायला नको.

ज्यांना फक्त चांगलं वायफाय हवंय, त्यांनी नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (त्यात तो फक्त वायफाय देतो, पत्ते जुना डबाच वाटतो) टाकावा आणि सुखाने राहावं. साध्या राउटर मोडमध्येच ठेवायचा असेल तर दोन्हींचा पत्ता सारखा नको. दोघेही १९२.१६८.१.१ असतील तर काहीच धड चालणार नाही. आपला बदलून १९२.१६८.५०.१ करा. आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर मोबाइल त्यालाच चिकटून बसतो आणि नव्या राउटरला शिव्या पडतात.

घरचा कॅमेरा बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या उपकरणाकडे पाठवण्याची सोय) करूनही चालत नसेल, तर राउटरवरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर कंपनीच तुम्हाला इतरांबरोबर एका सामायिक पत्त्यामागे ठेवते आहे. मग राउटरमध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्या किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा.

खोक्यावरचे आकडे

"एसी १२००" म्हणजे १२०० एमबीपीएस नेट नव्हे. दोन्ही बँडचे कागदावरचे वेग मिळवून तो आकडा लिहितात. असे कित्येक राउटर विकले जातात ज्यांचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे आहेत. तिथे २०० चा प्लॅन घेतलात तरी ९५ च्या वर जाणार नाही. गिगाबिट पोर्ट आहेत का हे विचारूनच घ्या. पोर्ट गिगाबिट असूनही ९५ वर अडकत असेल तर केबल बघा: आठही तारा क्रिंप केलेल्या असायला हव्यात, चारच केल्या असतील तर वेग १०० लाच थांबतो.

बाकीचं थोडक्यात

अडॅप्टर अदलाबदल करू नका. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून तो जाळलेला मी बघितला आहे. मिनी यूपीएस घेतानाही व्होल्टेज वाचा.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका.

डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय) आणि बाहेरून लॉगिन करण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा. मधले चॅनेल निवडून शेजाऱ्यालाही त्रास होतो आणि तुम्हालाही.

तक्रार नोंदवण्याआधी आपला राउटर बाजूला ठेवा आणि लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला लावून बघा. ब्रिज मोड असेल तर लॅपटॉपवरच यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडा. तिथेही नेट नसेल तर दोष त्यांच्याकडे आहे, आणि फोनवर "तुमचा राउटर आमचा नाही" हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. लाल एलओएस (फायबरचा सिग्नल गेल्याचा) दिवा लागला असेल तर तेवढं एकच वाक्य सांगा, "एलओएस लाल आहे." पलीकडच्या माणसाला त्यावरून कळतं की फायबरमधून प्रकाश येत नाही आणि बहुधा लाइनमनच पाठवावा लागेल.