रेडिएशनआधी घरात करायची तयारी

कॅन्सरवर रेडिएशन (किरणांचे उपचार) ठरलं की आधी घरच्यांची भीती काढा. बाहेरून मशीनने दिलेले किरण अंगात राहत नाहीत. पेशंटने घरी येऊन नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावं. आमच्या काकूंचं ताट आम्ही दोन दिवस वेगळं ठेवलं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

मशीनवर साधारण 10 ते 20 मिनिटंच लागतात, पण बहुधा आठवड्यातून 5 दिवस, कित्येक आठवडे. त्यामुळे अक्कलकोट-मोहोळहून सोलापुरात येणाऱ्यांनी मुक्काम आणि सोबतीची पाळी आधीच ठरवावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरीही सुरुवातीआधीच घ्या.

किरण कुठे द्यायचे ते कळावं म्हणून अंगावर काढलेल्या खुणा घासू नका. पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नका, तंत्रज्ञांना सांगा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून सकाळची वेळ मागून बघा. धुऊन धुऊन मऊ झालेला सैल सुती सदरा घाला. किरण दिलेल्या जागी हळद, तेल, बाम काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल तर दात आधीच दाखवा. नंतर दात काढला तर जबड्याची जखम लवकर भरत नाही. तंबाखू, मिसरी आजच बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही दिवस बाजूला ठेवा. मऊ भाकरी दुधात कुस्करून, चमचा चमचा भरवा.