जळणाची पारख: टोक बघा, वास घ्या, मगच काटा

खटाव तालुक्यात लग्नाच्या पंगती करताना माझी हयात गेली. एकदा वखारीतून बाभूळ म्हणून गाडी भरली. वरचे दोन थर खरंच बाभळीचे होते, खाली निघाला ओला आंबा. भात धुरकट झाला आणि व्याह्यांनी तो तसाच खाल्ला. त्या दिवसापासून गाडीतल्या खालच्या थरातला एक फाटा मी स्वतः ओढून बघतो.

सालीवर फार जाऊ नका, वखारीत चार महिने पडलं की ती गळून जाते. पण शाबूत असेल तर बाभूळ लगेच कळते. काळपट, उभ्या खोल भेगांची साल असते. ती सोलली की आतून तांबूस धागे निघतात, चावलं तर तोंड तुरट होतं. ओल्या बाभळीत कुऱ्हाड घातली की पात्याला निळसर-काळा डाग पडतो, कारण सालीतल्या तुरट रसाचं लोखंडाशी जमतं. सुबाभूळ नावापुरतीच बाभूळ. तिची साल राखाडी, गुळगुळीत, बारीक ठिपक्यांची. लाकूड सरळ फुटतं, भराभर जळतं, पण निखारा टिकत नाही. रस्सा उकळायला चालेल, रात्रभर आहारावर, म्हणजे निखाऱ्याच्या धगीवर, ठेवायला नाही.

खरी खूण कापलेल्या टोकाला. बाभळीचा गाभा तांबूस-तपकिरी, कडेचं लाकूड फिकट. चिंचेचा गाभा जांभळट, पण तो थोराड झाडातच सापडतो. रेघा इतक्या वेड्यावाकड्या की पाचर मारून मारून हात दुखतात. मटणाला मात्र चिंचेसारखा निखारा नाही.

लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, गाभाही तांबूस असतो, आणि फसगत इथंच होते. ताजा तुकडा नाकाशी धरा, उग्र वास येतो. त्याचा धूर डोळ्याला झोंबतो, म्हणून आमच्याकडं चुलीत लिंब घालायला बायका नाराज असतात. आंब्याच्या ओल्या सालीला कैरीच्या देठासारखा चिकाचा वास येतो. लाकूड हलकं, पोखरायला लवकर लागतं. चूल पेटवायला बरं. निलगिरी तर आंधळ्यानंही ओळखावी. सालीचे लांब पट्टे लोंबतात आणि पानं चुरगाळली की सर्दीच्या औषधाचा वास येतो.

पाटण-जावळीच्या डोंगराकडून माल आला तर ऐनाच्या झाडाचं लाकूड असू शकतं. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची साल दिसली की समजा.

आता ओल. जळण वजनावर विकतात, तेव्हा ओल्या लाकडात वखारवाल्याचं पाणीच तुम्ही विकत घेता. दोन फाटे एकमेकांवर आपटा. वाळलेले टणटणतात, ओले भद्द वाजतात. टोकाला मधून कडेकडे गेलेल्या चिरा असतील तर लाकूड वाळलंय.

एक मात्र कधी करू नका. कण्हेरीची काटकी चुलीत नको, तिचा धूरही विषारी. डोंगराकडच्या मालात कापल्या जागी चीक निघून काळा पडलेला दिसला तर हात लावू नका, बिब्बा असेल. अंगावर उततो. माझ्या हाताखालच्या पोरानं एकदा तसल्या फाट्यावर बसून भाजी चिरली, आणि पुढचे आठ दिवस उभ्यानंच जेवला.