विमानाच्या पंखावरची फाटलेली फिल्म: दुरुस्ती करताना या चुका टाळा

रब्बीची काढणी झाली की रेडिओ-नियंत्रित विमाने उडवणाऱ्यांना मोकळी राने मिळतात; पण त्याच रानांत ज्वारीची धसकटेही उभी असतात. उतरताना विमान धावपट्टीपासून दोन-चार मीटर जरी भरकटले तरी पंखाच्या खालच्या बाजूला हमखास भोक पडते. बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म ताणलेली असते, त्यामुळे एकदा फाटली की ती तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या उड्डाणात त्या भोकातून आत शिरलेली हवा पंख आतून फुगवते आणि वरच्या बाजूची धड फिल्मसुद्धा कडेने सुटू लागते. तरीही पुष्कळ जण पारदर्शक चिकटपट्टी लावून महिनोन्महिने उडवत राहतात, कारण फिल्म म्हणजे रंग आणि शोभा अशी त्यांची समजूत असते. ही समजूतच पहिली चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

ज्या पंखात रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांच्या) मधल्या जागा बाल्साच्या शीटने झाकलेल्या नसतात, त्या पंखाचा पीळ सहन करण्याचा बराचसा भार ताणलेली फिल्मच उचलते. फिल्म काढलेला असा पंख दोन्ही हातांनी हलकेच पिळून पाहिला तर तो किती सहज वळतो हे लगेच कळते. म्हणून ठिगळ लावताना भोक झाकणे पुरेसे नसते. त्या चौकटीतला, म्हणजे दोन रिबांमधल्या भागातला, ताण पुन्हा जागेवर आणावा लागतो. मैदानावर चिकटपट्टी लावून त्या दिवसाचे उड्डाण पूर्ण करायला हरकत नाही, मात्र घरी आल्यावर ती लगेच काढावी. उन्हात तापलेल्या चिकटपट्टीचा गोंद फिल्मवर उरतो आणि तो नीट पुसला नाही तर त्यावर नवी फिल्म धरत नाही.

आत न पाहता बाहेरून झाकणे

धसकट फिल्मला भोक पाडते, तेव्हा ते बहुधा आत कुठेतरी लाकडावरही आदळलेले असते. बाहेरून बोटाच्या पेराएवढी त्रिकोणी चीर दिसते आणि आत रिबेची खालची पट्टी तडकलेली असते किंवा स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बाजूचा उभा बाल्सा सुटलेला असतो. म्हणून चीर थोडी मोठी करून आत विजेरीचा प्रकाश टाकावा, शेजारच्या दोन-दोन रिबा बोटाने हलकेच दाबून पाहाव्यात आणि पंख किंचित वाकवून करकर ऐकू येते का याकडे लक्ष द्यावे. लीडिंग एजला, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला, मार बसला असेल तर तिथली फिल्म पूर्ण काढूनच पाहावे, कारण चेपलेला बाल्सा फिल्मखाली गुळगुळीत भासू शकतो. लाकडाचे काम फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने केले असेल तर तो रात्रभर वाळू द्यावा. ओल्या सांध्यावर इस्त्री फिरवली की आतला ओलावा वाफ होऊन फिल्मखाली फुगे धरतो.

ब्लेडने लाकडावर फिल्म कापणे

ही चूक सर्वांत घातक आहे आणि तिचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जुनी फिल्म सरळ रेषेत कापण्यासाठी पट्टी ठेवून स्पारवर किंवा शीटवर धारदार ब्लेड ओढले जाते. फिल्म कापली जाते, पण ब्लेड तिच्याबरोबर मऊ बाल्सामध्ये अर्धा मिलिमीटरपर्यंत सहज उतरते. शीट जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे तिचा एक-तृतीयांश भाग तिथेच तुटतो. रेषा पंखाच्या रुंदीच्या दिशेने, धाग्यांना आडवी गेली असेल तर पंख नेमका त्या रेषेवर मोडण्याची शक्यता तयार होते. वरून नवी फिल्म बसली की ती रेषा कोणालाच दिसत नाही. पुढे एखाद्या दिवशी जोराच्या वळणात पंख दुमडतो आणि दोष पंख बांधणाऱ्या रबरांना दिला जातो.

त्यामुळे उघड्या चौकटीत फिल्म कापताना ब्लेड रिबेच्या बाजूने, लाकडाला न टेकता, हवेत चालवावे. लाकडावरची फिल्म काढायची असेल तर कडेला इस्त्री लावून गोंद मऊ करावा आणि फिल्म स्वतःवरच दुमडून सावकाश ओढावी. ठिगळाचे तुकडे विमानावर न कापता टेबलावर, काच किंवा कटिंग मॅट खाली घेऊन कापावेत. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपरा वाऱ्याने आधी उचलला जातो.

फाटलेल्या जागेवर थेट ठिगळ मारण्यापेक्षा ती संपूर्ण चौकट, म्हणजे एका रिबेपासून दुसऱ्या रिबेपर्यंतचा भाग, नव्याने झाकणे केव्हाही चांगले. ठिगळाची प्रत्येक कड लाकडावर संपली पाहिजे, हा नियम पाळला तर अर्ध्या अडचणी येतच नाहीत. अधांतरी संपणाऱ्या कडेवर इस्त्री दाबता येत नाही, ती अर्धवट चिकटते आणि ताण दिला की सरकते. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक असेल तेव्हाच चौकटीच्या मध्यभागी गोल ठिगळ चालते, आणि त्यालाही चहूबाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर जास्तीची जागा ठेवावी लागते.

तेल आणि हाताचा घाम

ग्लो इंजिनाच्या (तापलेल्या प्लगने इंधन पेटवणाऱ्या लहान इंजिनाच्या) इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल असते. मिथेनॉल जळून जाते, तेल मात्र धुराड्यातून मागे उडून पंखाच्या मुळाशी आणि शेपटीवर बसते. फाटलेल्या कडेतून ते बाल्सामध्ये झिरपते, आणि तेल प्यायलेल्या लाकडावर कोणतीच फिल्म टिकत नाही, मग इस्त्री कितीही गरम करा. वरवरचे तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. आत मुरलेल्या तेलासाठी लाकडावर कॉर्नफ्लोअरचा जाड थर पसरावा, हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) दुरून थोडी ऊब द्यावी, काही तासांनी ती पूड झटकावी आणि पूड कोरडी निघेपर्यंत हे पुन्हा करावे. विजेवर चालणाऱ्या विमानात तेल नसते, पण मे महिन्यात घामेजलेल्या बोटांचे ठसेही गोंद धरू देत नाहीत. म्हणून पुसून घेतलेल्या जागेला पुन्हा हात लावू नये.

तापमान अंदाजाने ठरवणे

फिल्मचे प्रकार वेगवेगळे असतात आणि सर्वांना एकच उष्णता चालत नाही. ओराकव्हरसारखी पॉलिस्टर फिल्म साधारण १०० अंश सेल्सिअसला चिकटते आणि १५० अंशांच्या आसपास चांगली आकसते. मोनोकोट या दुसऱ्या फिल्मला त्याहून जास्त उष्णता लागते, तर पॉलिप्रॉपिलिनच्या हलक्या फिल्म कमी उष्णतेतच काम करतात आणि जास्त उष्णतेत वितळून भोक पडते. विमानावर कोणती फिल्म आहे हे ठाऊक नसेल तर फाटलेल्या भागातलाच तुकडा घेऊन चाचणी करावी. बाल्साच्या टाकाऊ तुकड्यावर तो कमी उष्णतेने चिकटवून, गार झाल्यावर ओढून पाहावा आणि उष्णता थोडी थोडी वाढवत न्यावी. ओढताना लाकडाचे बारीक धागे फिल्मबरोबर निघू लागले की चिकटवण्याचे तापमान सापडले असे समजावे. इस्त्रीवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून आकडा घेण्याची पद्धत फसवी आहे, कारण चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो.

चिकटवणे आणि ताणणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि ती त्याच क्रमाने झाली पाहिजेत. चारही कडा कमी उष्णतेने पक्क्या होण्याआधीच मध्यभागी हीट गन धरली तर फिल्म आकसून कडा ओढून घेते आणि तिथे पडलेली सुरकुती नंतर जात नाही. कडा आधी, मग पूर्ण गार होण्याची वाट, आणि त्यानंतर मधला भाग, हा क्रम सोडू नये. हीट गन शेजारच्या जुन्या सांध्यांवर रेंगाळू देऊ नये. ओले फडके पिळून त्या सांध्यांवर ठेवले तर ते सुटत नाहीत. मोनोकोटसारख्या फिल्ममध्ये रंग गोंदाच्याच थरात असतो, त्यामुळे जास्त तापवल्यास कडेला रंग पसरतो.

जुन्या फिल्मवर नवी फिल्म लावताना मधे अडकलेली हवा गरम होऊन फुगते आणि ठिगळावर फोड येतात. त्यासाठी खालच्या फिल्मला आधीच बारीक सुईने जागोजागी टोचून ठेवावे, उष्णता कमी ठेवावी आणि इस्त्री मध्यापासून कडेकडे न्यावी. फोड आलाच तर उष्णता वाढवू नये, तो आणखी मोठा होतो. सुईने टोचून, इस्त्रीला गुंडाळलेल्या सुती कापडाने दाबून तो तिथेच गार होऊ द्यावा.

ठिगळाची कड वाऱ्याकडे तोंड करून राहणार नाही हेही पाहावे. फाटलेला भाग पंखाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात असेल तर फिल्म लीडिंग एजवरून वळवून खालच्या बाजूला नेऊन संपवावी.

पंखातला पीळ न तपासणे

एकाच बाजूची एक चौकट नव्याने ताणली तरी पंख थोडासा पिळतो. दुरुस्तीनंतर विमान एका बाजूला सारखे कलू लागले आणि त्यावर एलेरॉनला (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीला) ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा कल, देऊन काम भागवले, तर एका वेगाला ते सरळ उडेल आणि उतरताना, वेग कमी झाल्यावर, पुन्हा कलेल. म्हणून दुरुस्ती झाल्यावर पंख मागून, डोळ्याच्या पातळीवर धरून पाहावा. दोन्ही बाजूंची ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, सारखी दिसली पाहिजे. मात्र अनेक प्रशिक्षण विमानांच्या पंखाची टोके मुळातच मागून किंचित वर उचललेली असतात आणि कमी वेगात टोके आधी स्टॉल होऊ नयेत, म्हणजे त्यांची उचल तुटू नये, यासाठी ते मुद्दाम केलेले असते. पीळ समजून ती सरळ करू नयेत. आराखडा पाहून किंवा दुसऱ्या बाजूशी ताडून खात्री करावी.

पीळ काढायचा असेल तर एकाने पंख उलट दिशेने, हव्या त्या स्थितीच्या थोडा पलीकडे वळवून धरावा. फिल्मवर तिरप्या सुरकुत्या पडतील. दुसऱ्याने त्या हीट गनने वर आणि खाली दोन्हीकडे घालवाव्यात, आणि फिल्म पूर्ण गार होईपर्यंत हात सोडू नये. घाईने हात सोडणे हेच या कामात अपयश येण्याचे नेहमीचे कारण असते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे जुलैत नीट बसलेली फिल्म मार्चमध्ये सैल वाटली तर तो दुरुस्तीचा दोष असतोच असे नाही. पुन्हा थोडी उष्णता दिली की काम भागते.

थर्मोकोलसारख्या फोमच्या विमानांना यातले काहीच लागू होत नाही. हीट गनने फोम आकसतो, तेव्हा तिथे चिकटपट्टी आणि फोमला चालणारा गोंद हाच मार्ग आहे.

शेपटीवर आणि नियंत्रक पृष्ठांवर ठिगळांचे थर

ओराकव्हरसारख्या फिल्मचे वजन चौरस मीटरला ६०-७० ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे एका ठिगळाने काही बिघडत नाही. पण एलिव्हेटर आणि रडरवर, म्हणजे शेपटीच्या हलत्या पृष्ठांवर, थरावर थर चढवत गेले तर प्रश्न निर्माण होतो. शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असल्याने तिथे वाढलेल्या एका ग्रॅमची भरपाई करायला नाकात अनेक ग्रॅम शिसे घालावे लागते. शिवाय बिजागरीच्या मागे वजन वाढले की वेगात ते पृष्ठ फडफडण्याचा धोका वाढतो. इथे जुनी फिल्म पूर्ण काढून एकाच थरात नवी लावावी, बिजागरीच्या फटीवर ठिगळ आडवे जाऊ देऊ नये, आणि दुरुस्तीनंतर सर्व्हो (पृष्ठे हलवणारी लहान मोटर) बंद असताना पृष्ठ बोटाने वर-खाली करून ते कुठेही अडत नाही याची खात्री करून मगच गुरुत्वमध्य तपासावा.