आधी अळणी काढा, मग फोडणी द्या: बाळाचं आणि घरचं जेवण एकाच कुकरमध्ये

सातारा-सांगलीकडे मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी पोरांसाठी वाटीभर अळणी, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं पाणी, बाजूला काढतात. नुकतंच उष्टावण झालेल्या बाळाच्या जेवणालाही हीच सवय लावायची: वरणाला, भाजीला, उसळीला, सगळ्याला. बाळासाठी रोज वेगळा स्वयंपाक मांडायचा नाही. सगळं बिनमिठाचं, बिनतिखटाचं शिजवायचं, बाळाचं आधी काढून घ्यायचं आणि मग उरलेल्यात मीठ, कांदा-लसूण मसाला, फोडणी.

अळणी म्हणत असले तरी पुष्कळ घरांत त्या पाण्यात मीठ पडलेलं असतं, तेवढं मात्र बदलायला हवं. पहिल्या वर्षात बाळाच्या जेवणात वरून मीठ घालायचं नाही. त्याला लागतं तेवढं दुधातून आणि अन्नातून मिळतं, आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकण्याइतकी मूत्रपिंडं अजून तयार झालेली नसतात. हळद, चिमूटभर जिरेपूड, हिंग चालतं.

सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसता येऊ लागलं आणि चमचा तोंडाशी नेला की जीभ तो बाहेर ढकलत नाही, असं दिसलं की सुरुवात करायची. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर ही वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. वरचं अन्न सुरू झालं तरी आईचं दूध पूर्वीसारखंच चालू ठेवायचं.

कुकर कसा लावायचा

चार माणसांच्या घरात ५ लिटरचा कुकर पुरतो. तळाला दोन ग्लास पाणी आणि जाळी. खालच्या भांड्यात पाऊण वाटी तूरडाळ, दोन वाट्या पाणी, चिमूट हळद, अर्धा चमचा तेल. वरच्या भांड्यात घरचा भात. त्यावर बसेल असं एक छोटं स्टीलचं भांडं बाळाचं. त्यात २ मोठे चमचे तांदूळ, १ मोठा चमचा मूगडाळ, दीड वाटी पाणी आणि लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या दोन-तीन पातळ फोडी. (इथे वाटी १५० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा धरला आहे.) तांदूळ इंद्रायणी असेल तर उत्तम. तो मुळात चिकट असल्याने भात आपोआप गुरगुट्या होतो. कोलम किंवा जुना तांदूळ असेल तर अर्धा तास भिजवा आणि पाणी पाव वाटीने वाढवा.

चार शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिट्टी उचलली की आतला दाब एकदम उतरतो, डाळ उसळून फेस वर येतो आणि अर्धं पाणी कुकरच्या तळाशी जातं. ‘भात कोरडा का राहिला’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे बाळाचं भांडं गळ्यापर्यंत भरणं. ते अर्धंच भरलेलं हवं.

कुकर उघडल्यावर बाळाचं भांडं डावाने घोटून घ्या, मग १ चहाचा चमचा साजूक तूप प्रत्येक वाढणीत. हे भांडं दोन वेळांना पुरतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. वरच्या मापाची खिचडी आणि दोन चमचे तूप मिळून तेवढ्या होतात. तूप काढून टाकलं तर त्यातल्या जवळपास ८० कॅलरी गेल्या, म्हणून तुपाला लाड समजू नका.

घरच्या वरणातून काढायचं असेल तर तूरडाळ घोटल्यावर, पाणी वाढवायच्या आधी, एक-दोन डाव घट्ट वरण बाजूला घ्या. मग बाकीच्याची आमटी करा. आमटीत बुडालेला डाव पुन्हा बाळाच्या वाटीत जाऊ देऊ नका.

वरणाचं पाणी नको, वरण हवं

या एका गोष्टीवर हट्ट धरावा असं वाटतं. वरणाची निवळी, भाताची पेज, भाज्यांचं सूप हे ‘हलकं’ म्हणून महिनोन्महिने दिलं जातं आणि वजन अडतं. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिली मावतं, म्हणजे ७ किलोच्या बाळाच्या पोटात २०० मिलीच्या आसपास. ती जागा पाण्याने भरली तर डाळ-तांदळाला जागाच उरत नाही. पोट भरतं, बाळ चमचा नाकारतं आणि घरात समज होतो की त्याला भूक नाही.

दाटपणा ओळखायला चमचा तिरका करून पाहा. घास चमच्यावर टिकून सावकाश घसरला तर बरोबर, पाण्यासारखा धावला तर पातळ. खिचडी गार होताना घट्ट होते, तेव्हा भरवताना उकळून कोमट केलेलं पाणी एक-दोन चमचे घालून सारखी करा. आधीपासूनच पातळ शिजवून ठेवू नका.

पहिल्या दिवसांत २-३ मोठे चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत वाढवत दोन-तीन वेळा, दर वेळी १२५ मिलीपर्यंत. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. नवा पदार्थ एका वेळी एकच आणा आणि दोन-तीन दिवस तोच ठेवा. अंगावर पित्त उठलं किंवा उलट्या झाल्या तर कशाने ते मग लगेच कळतं.

मिक्सर कमी, पुरणयंत्र जास्त

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बाळाचं काही वाटू नका. ते कितीही घासलं तरी पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात तिखट राहतं. बाळ भाजी खाताना रडतं याचं कारण कधी कधी एवढंच असतं. वेगळं छोटं भांडं ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे पुरणयंत्र. त्यातून डाळ, बटाटा, उसळ काढली की सालं वर राहतात आणि खाली रवाळ गर पडतो. मिक्सरमधून निघतं ते गुळगुळीत पेस्ट, आणि बाळाला तीच आवडायला लागते. नऊ महिन्यांपर्यंत गुठळ्यांची, मऊ कणांची सवय लागली नाही तर पुढे चावून खायला मुलं फार त्रास देतात. म्हणून सहा महिने भरल्यावर घोटलेलं, आठव्यात काट्याने कुस्करलेलं, दहाव्यात बारीक मऊ तुकडे, वर्षाला घरचं जेवण.

कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) करणार असाल तर आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात सहा-सात शिट्ट्या करून वर दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. कच्चट घेवडा मोठ्यांनाही बाधतो, त्यात उलट्या करवणारं द्रव्य असतं आणि ते जोरात उकळल्यानेच जातं. दाणा बोटाने दाबल्यावर पिठासारखा व्हायला हवा. मग मसाल्याआधी तीन-चार चमचे काढून पुरणयंत्रातून फिरवा.

ज्वारीची भाकरी आठव्या महिन्यापासून छान चालते. वरचा करपट पापुद्रा काढा, आतला मऊ भाग कडकडीत वरणात दहा मिनिटं भिजवा आणि हाताने कुस्करा. दुधात भिजवूनच भाकरी द्यायची असा काही नियम नाही. डाळीबरोबर ती जास्त पोषक होते.

पिठलं, झुणका, भरलं वांगं यांतून बाळाचं वेगळं काढता येत नाही, कारण तिखट सुरुवातीलाच पडतं. त्या दिवशी ओढाताण न करता अंडं उकडा. उकळी आल्यापासून १२ मिनिटं, म्हणजे बलक पूर्ण घट्ट. पहिल्या दिवशी पाव अंडं, पांढरं-पिवळं दोन्ही, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कुस्करून मऊ भातात. शाकाहारी घरात जाडे पोहे भिजवून, दह्यात कुस्करून पाच मिनिटांत होतात.

लोह: मटण, कलेजी आणि लिंबू

जन्मताना साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतं आणि आईच्या दुधात ते कमी असतं. म्हणून अळणीचं पाणी पाजून समाधान मानू नका, लोह मांसात असतं. बिनमिठाचं मटण सहा-सात शिट्ट्या शिजवा, हाडाशिवायचे दोन-तीन तुकडे घ्या, हाडाची बारीक कपची राहिली नाही ना ते बोटांनी चाचपून पाहा. धागे आडवे कापा आणि अळणीचे चार चमचे घालून वाटा. इथे मिक्सरच लागतो, धागे पुरणयंत्रातून जात नाहीत. सुरुवातीला एक चमचा भातात मिसळून. कलेजी आठवड्यातून एकदा, एक-दोन चहाचे चमचे पुरे.

मटण खात नसाल तर डाळीवर, मेथीवर लिंबाचे दोन-तीन थेंब पिळा. आंबटातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. सरकारी कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना लोहाचं सिरप १ मिली, आठवड्यातून दोनदा दिलं जातं. आशाताईंकडे चौकशी करा. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बंद ठेवा. चहा जेवणातलं लोह अडवतो, आणि बिस्किटात साखर-मैद्यापलीकडे फारसं काही नसतं.

नाचणीचं सत्त्व

एक वाटी नाचणी धुऊन रात्रभर भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात २४ तासांत, थंडीत दीड-दोन दिवसांत मोड येतात. पातळ कापड झाकून वाळवा, मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा, चोळून मोड झाडा, दळा, बारीक चाळणीने चाळा. काही घरांत भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून पिळून फक्त पांढरा साका घेतात. तो दिसायला सुंदर, पण कॅल्शियम बरंचसं कोंड्याकडे असतं आणि ते फेकलं जातं. दळलेलं पीठच बरं.

२ चहाचे चमचे पीठ पाऊण वाटी गार पाण्यात कालवा, मग गॅसवर ठेवून सतत ढवळत पाच-सात मिनिटं, चकाकी येईपर्यंत. गरम पाण्यात पीठ टाकलं की गाठी होणारच. मोड आलेल्या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते, कारण मोड येताना तयार झालेलं विकर (एन्झाइम) शिजताना पिष्ट (स्टार्च) तोडतं. हा दोष नसून सोय आहे: पीठ तीन चमचे घाला, दाटपणा तोच राहतो आणि घासात अन्न जास्त जातं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसाळ्यात मात्र मोड वाळत नाहीत, बुरशी धरते. चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर सगळी टाका. त्या महिन्यांत मोड न काढता धुऊन, भाजून दळा.

आपल्याकडचं काय टाळायचं

भडंग, फुटाणे, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर आणि अख्खी द्राक्षं घशात अडकतात. तासगाव भागात द्राक्षं आणि बेदाणे घरात असतातच, तेव्हा खाली सांडलेले रोज उचला. द्राक्ष द्यायचंच तर साल-बी काढून कुस्करून. शेंगदाणा मात्र अगदी बारीक कुटाच्या रूपात, खिचडीत शिजवून, लहान प्रमाणात जरूर द्या. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मध एक वर्षापर्यंत ओठांवरही नको, उष्टावणाच्या दिवशीसुद्धा. त्यातले जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. गूळ, काकवी, कंदी पेढा दोन वर्षांनंतर. लोहासाठी काकवी देण्यापेक्षा घट्ट डाळ द्या.

बद्धकोष्ठ झालं तर आठ-दहा बेदाणे रात्रभर भिजवून, पुरणयंत्रातून गाळून त्याचा गर दोन चमचे द्या. सोबत पिकलेली पपई, भोपळा, आणि जेवणाबरोबर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट.

घास गिळताना बाळ खोकतं, उबळ येते, लाल होतं, आवाज करतं. ही शिकण्याची उबळ असते, थांबून पाहा. आवाज बंद झाला, श्वास अडला तर एक वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर घ्या, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. घास निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणी १०८ लावायचं. बाळ शुद्ध हरपून ढिलं पडलं तर हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा. न दिसणाऱ्या घासासाठी घशात बोट घालू नका, तो आणखी खाली जातो.

उरलेलं

बाळाच्या वाटीतलं उष्टं ठेवायचंच नाही. चमच्याबरोबर लाळ जाते, लाळेतलं विकर पिष्ट तोडतं, म्हणून उरलेली खिचडी तासाभरात पाणचट दिसते. आणि जंतू वाढतात ते वेगळेच. म्हणून एका वेळचंच वाटीत काढा. दुसरा वाटा शिजल्यावर झाकून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि वैशाखातल्या सांगलीच्या उन्हात त्याहून लवकर. चोवीस तासांत संपवा, एकदाच वाफाळेपर्यंत गरम करा. शिजलेला भात बाहेर ठेवून पुन्हा गरम केला तरी त्यात तयार झालेलं विष जात नाही. वीज जाणं नेहमीचं असेल तर साठवण विसरा आणि सकाळ-संध्याकाळ वरच्या मापाच्या निम्मं शिजवा.

गावच्या यात्रेला गेलात तर मोठ्या पातेल्यात मीठ पडायच्या आधीच स्वयंपाक करणाऱ्यांना सांगून ठेवा. मटण शिजून मऊ झालं की दोन तुकडे आणि डावभर पाणी घरून नेलेल्या डब्यात काढून घ्या. सोबत केळं आणि घट्ट दही ठेवा. पातेल्याजवळ उशिरा पोचलात आणि मीठ-मसाला पडून गेला असेल, तर त्या वेळचं जेवण केळं-दह्याचं.