सणांच्या आधी गल्लीत करायची तयारी

सणांत दंगल होऊ नये म्हणून गल्लीत करायची ही तयारी गणपतीला आठ-दहा महिने असतानाच हातात घ्यावी, आणि तिची सुरुवात पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीपासून करू नये. ती बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात होते. माजी नगराध्यक्ष येतात, ट्रस्टी येतात, मंडळांचे अध्यक्ष येतात, गावाच्या परंपरेवर भाषणं होतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. आमंत्रण आलं तर जावं. पण त्यातली फार थोडी माणसं रात्री अकराला चौकात उभी दिसतात. आपली बाजूही काही वेगळी नाही. जिल्ह्याच्या गावी फॅसिझमविरोधी परिषद भरते, दहा ठराव होतात आणि सगळे शेवटची एसटी पकडून घरी जातात. तिकडे द्वेष पसरवणाऱ्या संघटनेची पोरं मात्र रोज संध्याकाळी एका पारावर भेटत असतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एरवीच्या शांत महिन्यांत भेटत राहतील अशी माणसं गोळा करणं. बाकीची सगळी तयारी त्यानंतरची.

हे नुसतं सांगायला बरं म्हणून सांगत नाही. भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन आयोगाने मिरवणुकीत मुद्दाम दिलेल्या चिथावणीवर आणि त्यामागच्या राष्ट्रीय उत्सव मंडळावर बोट ठेवलं. १९८४ मध्ये तेच गाव पुन्हा जळलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत पुढारी घेतले नाहीत. यंत्रमाग कामगार, छोटे दुकानदार, घर चालवणाऱ्या बायका अशी दोन्ही समाजांतली माणसं घेतली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली, आणि दंगलीसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. या गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पुढे २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादातून पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीनंतर तसंच टिकेल याची खात्री नसते. म्हणून पोलिसांशी बोलणं ठेवा, पण कमिटी आपली आपण बांधा.

माणसं निवडताना दर गल्लीतून चार-पाच पुरेत. पिठाची गिरणीवाला, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, रिक्षा स्टँडवरचा एखादा शहाणा, पानटपरीवाला, बचत गट चालवणारी मावशी, मटणाच्या दुकानातले चाचा. टपरीवाला यासाठी, की गावात नवीन पोरं कुणाच्या गाडीवर फिरताहेत हे त्याला ठाण्याच्या आधी कळतं. आशाताई यासाठी, की कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कोण म्हातारं एकटं राहतं, हे तिला पाठ असतं. बौद्ध वस्ती आणि पालावरची कुटुंबं बहुतेक याद्यांतून सुटतात, ती सोडू नयेत. दगड मारायला पोरं तिथलीच बोलावली जातात आणि केसही त्यांच्याच अंगावर राहते. ज्याला नगरपालिकेला उभं राहायचंय त्याला कमिटीत घेऊ नका. कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.

पहिल्या बैठकीत सलोखा हा विषय काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुंबलेलं गटार, तीन दिवसांआड येणारं पाणी, रेशनकार्डाची अडलेली कामं, रस्त्यावरचे बंद दिवे हे विषय घ्या. सलमाबी आणि कांताबाई पाण्याच्या टँकरसाठी दोनदा नगरपालिकेत एकत्र जाऊन आल्या, की तिसऱ्या वेळी कुठल्याशा व्हिडिओवर विश्वास ठेवण्याआधी एक दुसरीला फोन करते. महिन्यातून एक बैठक, कुणाच्या तरी ओसरीवर, तासाभरात संपणारी. वहीत उपस्थिती आणि ठरलेली कामं लिहायची. एवढं आठ-दहा महिने न चुकता झालं, तर निम्मं काम झालं समजा.

मग मिरवणुकीचा रस्ता पायी चालून बघायचा. दिवसा एकदा आणि रात्री दहानंतर एकदा. दोन्ही वेळी तोच रस्ता वेगळा दिसतो. सोबत वही घ्या. कुठे बांधकामाच्या विटा आणि खडीचा ढीग पडलाय, कुठल्या बारमागे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट लावलेत, कुठल्या गच्चीवर दगड साठवता येतील, कुठला बोळ एका टोकाला बंद आहे, कुठला खांब अंधारात आहे, सगळं लिहायचं. खडी मालकाला सांगून उचलून घ्यायची, निदान ताडपत्रीने झाकून बांधून ठेवायची. दिव्यांचा अर्ज नगरपालिकेत द्यायचा, त्यावर आवक क्रमांक घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून वायरमनच्या मागे लागायचं. दुकानांचे सीसीटीव्ही कुठे आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं येतं, आणि पोलिसांचं पत्र पोचेपर्यंत पुरावा गेलेला असतो.

मंडळांशी बोलणं हे सगळ्यात नाजूक काम, म्हणून ते लवकर सुरू करावं. अध्यक्षाशी बोलून भागत नाही. मिरवणूक ज्याच्या हातात असते तो ट्रॅक्टरच्या पुढे चालणारा पोरगा आणि डीजेच्या गाडीवर बसलेला ऑपरेटर, या दोघांना गाठायचं. धमकावून नाही, त्याच्या वडिलांना किंवा मामाला सोबत घेऊन. बोलणं नेमकं हवं: मशिदीपुढे थांबायचं नाही, तिथे कुठली गाणी वाजवायची नाहीत, मगरीब (सूर्यास्ताच्या) आणि इशाच्या (रात्रीच्या) नमाजाला किती मिनिटं आवाज बंद, रात्री दहाला स्पीकर बंद. "दादा, इशाला तिथं पोचलो तर आवाज बंद करतो, पण आमची मिरवणूक पुढं काढायला पोलिसांना सांगा, मागची गर्दी ढकलती," असं एखादा म्हणेल. मागणी रास्त असते, ती लिहून घ्या आणि ठाण्यात पोचवा. मशिदीच्या ट्रस्टींशीही इतकंच नेमकं बोला: दारात स्वयंसेवक कोण उभे राहणार, गच्चीवर कोणी जाणार नाही याची जबाबदारी कुणाची, पोरांना आत कोण ओढणार. ईद-ए-मिलादचा जुलूस निघेल तेव्हा हेच सगळं उलट्या बाजूने. दाखले द्यायचे तर आपल्याच मातीतले द्या. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडलाही मशिदींत गणपती बसतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईसह अनेक गावांतल्या मुस्लिमांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. त्याच वर्षी आषाढी एकादशीला बकरी ईद आली होती आणि पंढरपुरात त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं मुस्लिमांनीच ठरवलं. पोरांना या गोष्टी ठाऊक नसतात, कारण त्यांच्या फोनवर त्या कोणी पाठवत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे. अलीकडच्या दंगलींची काडी बहुतेक स्टेटसमध्ये असते. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक माणूस मारला गेला. म्हणून दर गल्लीत एक माणूस 'खरं-खोटं' पाहणारा ठेवा. काही आलं की त्याने तीनच प्रश्न विचारायचे: कुठलं आहे, कधीचं आहे, तिथल्या कुणाला फोन लावला का. उत्तर मिळेपर्यंत कमिटीतल्या कुणीही ते पुढे पाठवायचं नाही, 'बघा किती वाईट' असं म्हणूनसुद्धा नाही. एखाद्या सतरा वर्षांच्या पोराने खरंच वेडंवाकडं स्टेटस ठेवलं असेल, तर ते आधी काढायला लावा, त्याला आणि त्याच्या आईवडिलांना सुरक्षित ठिकाणी हलवा, मग दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं घेऊन ठाण्यात जा. ही सगळी धावपळ तासाभरात व्हावी लागते. इंटरनेट बंद होईल हे गृहीत धरून दर घरात कागदावर छापलेली फोनयादी हवी: कोणी कुणाला फोन करायचा, त्याने पुढच्या कुठल्या चौघांना. ११२ आणि १०८ सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या खाली ठाण्याचा लँडलाइन, बीट हवालदार आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहा.

द्वेष पसरवणाऱ्यांनी बाहेरून वक्ता आणून मोर्चा काढायचं ठरवलं, की कागदपत्रांचं काम सुरू होतं. २०२२-२३ च्या हिंदुत्ववादी संघटनांच्या जनआक्रोश मोर्च्यांत एका समाजावर आर्थिक बहिष्कार घालण्याची हाक उघडपणे दिली गेली. अशा वेळी सभा बंद पाडायला जाऊ नका. ते त्यांना हवंच असतं, आणि केस तुमच्यावर होते. आधी लेखी अर्ज द्या: वक्ता कोण, त्याच्यावर पूर्वीचे गुन्हे कुठले, आणि सभेचं चित्रीकरण पोलिसांनी करावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या अशाच एका सभेबाबत सर्वोच्च न्यायालयाने चित्रीकरण करायला सांगितलं होतं, तो दाखला जोडा. त्याच वर्षी २८ एप्रिलला न्यायालयाने सगळ्या राज्यांना आदेश दिला की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायचा. त्याची प्रत झेरॉक्स काढून फायलीत ठेवा, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तिचा उपयोग होतो. कलमं नवीन आहेत: दोन गटांत शत्रुत्व पसरवण्याला भारतीय न्याय संहितेचं १९६, धार्मिक भावना दुखावण्याला २९९, अफवेला ३५३. गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. एखादा ओळखीचा वकील आधीच सांगून ठेवावा. तो नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. हे सगळं दोन्ही बाजूंच्या भडकवणाऱ्यांना लागू करायचं. एखादा मौलवी विष ओकला तर त्याच्यावरही अर्ज तितक्याच तत्परतेने गेला पाहिजे, नाहीतर पुढच्या बैठकीला कांताबाई येणार नाही, आणि तिचं चुकणार नाही.

दुकानदारांकडून एक काम वेळेत करून घ्या. विम्याच्या पॉलिसीत दंगलीचं संरक्षण आहे का, ते एजंटला विचारायला लावा. आगीच्या पॉलिसीत ते बहुतेकदा असतं, पण माणसं वाचत नाहीत. मालाचे, गाळ्याचे, हातगाडीचे फोटो आणि बिलं, शिवाय आधार, रेशनकार्ड, शाळेचे दाखले यांच्या प्रती गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. जळालेल्या घराचा पंचनामा होतो तेव्हा कागद असलेल्याला भरपाई मिळते आणि नसलेल्याला फेऱ्या मिळतात.

प्रत्यक्ष सणाच्या रात्री पांढरे सदरे, ओळखपत्रं, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीत दोन्ही समाजांचा एकेक. हातात काठी नाही. बायका पुढे असल्या तर पोरं शिवी गिळतात, हा अनेकांचा अनुभव आहे, पण कुणाला मानवी ढाल करून उभं करू नका. ज्यांची इच्छा त्याच, आणि मागे सरकायची जागा ठरलेली. पाणी, प्रथमोपचाराची पेटी, एक रिक्षा डिझेल भरून तयार. पहिला दगड पडला तर पाठलाग करायचा नाही. शटर खाली, मुलं आत, फोनची साखळी सुरू. चित्रीकरण करणारा एकच माणूस, तोही आडोशाने. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्यायची. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत कोर्टात कमकुवत ठरते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र फोनच्या मालकाच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचं लागतं.

शांततेत पार पडलं तर दुसऱ्याच दिवशी मंडळांच्या पोरांना आणि मशिदीच्या स्वयंसेवकांना एकत्र बसवून मिसळ खायला घाला. खर्च वर्गणीतून, पुढाऱ्याच्या खिशातून नाही.

आणि काही घडलंच, तर यादीतलं सर्वांत लांबलचक काम तिथून पुढे असतं. पुण्यात हडपसरला जून २०१४ मध्ये जमावाने एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. साडेआठ वर्षं. इतक्या काळात साक्षीदार गाव सोडतात, दबावाखाली येतात, थकतात. म्हणून कमिटीच्या वहीत एक पान कोर्टाच्या तारखांचं ठेवा. तारखेला साक्षीदारासोबत दोन माणसं जातील, एक त्याच्या समाजाचा आणि एक दुसऱ्या. त्याचा बुडालेला रोज आणि जाण्यायेण्याचं भाडं कमिटीच्या पेटीतून, सही घेऊन. पेटीत दर बैठकीला घरटी दहा रुपये टाकायचे, ते आत्ता या महिन्यापासूनच सुरू करा.