नॉक्सव्हिलच्या पिटमध्ये शेंगा नेऊ नयेत

आयोवात मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी दोन हंगाम शनिवारच्या संध्याकाळी नॉक्सव्हिल रेसवेवर एका स्प्रिंट कार (मातीच्या मार्गावर धावणारी छोटी, उघडी शर्यतीची गाडी) संघाच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत, विनामोबदला काम केले. पुण्यात असताना बाहा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची गाडी बांधलेली असल्यामुळे आपल्याला मोटारींतले बरेच कळते, असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी उतरला, कारण मी डब्यात भाजलेल्या शेंगा घेऊन गेले होते. संघाचे मुख्य मेकॅनिक, म्हणजे क्रू चीफ, रागावले नाहीत. त्यांनी डबा लांब धरून माझ्या हातात दिला आणि तो फाटकाबाहेरच्या गाडीत ठेवून यायला सांगितले.

नॉक्सव्हिलचा अर्ध्या मैलाचा काळ्या चिकणमातीचा मार्ग मॅरियन काउंटीच्या जत्रेच्या मैदानात आहे, आणि पिटमध्ये शेंगा अपशकुनी मानण्याचे मूळही अशाच मैदानांशी जोडले जाते. पूर्वी गाड्यांची दुरुस्ती प्रेक्षकांच्या बाकांखाली चाले, वरून टरफले उघड्या गाड्यांत पडत, आणि अपघातानंतर मोडलेल्या गाडीत ती सापडली की दोष शेंगांवर जाई, असे जुनी मंडळी सांगतात. हिरव्या रंगाचेही तसेच आहे. १९२० साली इंडियानापोलिस ५०० जिंकणारा गॅस्टन शेव्हरोले त्याच वर्षी बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी मार्गावर मरण पावला, आणि त्याची गाडी हिरवी होती म्हणून तो रंग अपशकुनी ठरला. हिरव्या गाड्यांनी किती शर्यती जिंकल्या याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची बांधणाऱ्या देशातून आलेल्या माणसाने याला हसू नये, असे मी ठरवून टाकले.

एका जुन्या नियमाबद्दल मात्र मला अशी उदारता दाखवता येत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक मार्गांवर स्त्रियांना पिटमध्ये प्रवेशच नव्हता. इंडियानापोलिसने ही बंदी १९७१ मध्ये उठवली. याही नियमाला अपशकुनाचाच आधार दिला जाई.

नवख्याने खरी काळजी घ्यावी ती ज्यांमागे कारण आहे अशा नियमांची. स्प्रिंट कारला स्टार्टर नसतो आणि क्लचही नसतो. ती मागून ट्रकने ढकलून सुरू करावी लागते, त्यामुळे ढकलगाडी आणि कार यांच्या मधून कधीही जाऊ नये, मग घाई कितीही असो. इंधन मिथेनॉल असते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून कोणी काही न दिसता अंग झटकू लागला, तर त्याच्यावर तत्काळ पाणी ओतावे. बंद बूट, लांब पँट आणि कानांसाठी बोळे यांविषयी वाद घालू नये.

शर्यतीपूर्वी पाणी मारलेली माती दाबून बसवण्यासाठी गाड्या संथ गतीने फेऱ्या मारतात. रात्र चढते तशी ती माती सुकून गुळगुळीत होते, आणि प्राथमिक फेरीत उत्तम धावलेली गाडी मुख्य शर्यतीत घसरू लागते. क्रू चीफ गाडीवर बसवलेल्या, तिला खाली दाबणाऱ्या पंखाचा कोन आणि टायरमधील हवा बदलतात ते यासाठीच. दुसऱ्या संघाला त्यांचे आकडे विचारणे हा असभ्यपणा समजला जातो. मात्र त्याच संघाची गाडी आपटली, तर त्यांना सुटे भाग द्यायला आणि पाने-स्पॅनर घेऊन मदतीला धावायला कोणी मागेपुढे पाहत नाही.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी असे काम, बिनपगारी असले तरी, स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला अवश्य विचारावे. पहिल्या दिवशी स्पॅनर हाती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मला पहिला महिनाभर एकच काम होते: प्रत्येक फेरीनंतर चाकांच्या आतल्या बाजूचा आणि सांगाड्यावरचा चिखल ओला असतानाच खरवडून काढणे. तो वाळला की दगडासारखा घट्ट बसतो, चाकाचा तोल बिघडवतो आणि गाडीचे वजन वाढवतो. पाचव्या शनिवारी क्रू चीफनी न बोलता टायरमधील हवा मोजण्याचे यंत्र माझ्या हातात ठेवले. चिखल तरीही मीच काढत राहिले.