डॉलर भरू नका, आधी ग्रंथालयाचं लॉगिन घ्या

पीएचडीची नोंदणी झाली की गाईड म्हणतात, "लिटरेचर रिव्ह्यूला लागा." गुगल स्कॉलरवर हवा तो लेख सापडतोही, पण क्लिक केलं की प्रकाशक डॉलरमध्ये पैसे मागतो. मग बरेच जण नुसत्या सारांशावर भागवतात. संस्था सरकारी असेल, तर तोच लेख तुमच्यासाठी आधीच विकत घेतलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं: सरकारी संस्थांसाठी केंद्र सरकारच एकगठ्ठा जर्नल्सची वर्गणी भरतं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राकडे. खासगी कॉलेजवाल्यांनी आपलं कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स पुरवणारी इन्फ्लिबनेटचीच सोय) सदस्य आहे का, ते ग्रंथपालांना विचारावं.

कॅम्पसच्या वाय-फायवर लेख सहसा आपोआप उघडतो. अडतं ते घरी. त्यासाठी ग्रंथपालांकडून 'इन्फेड'चा, म्हणजे संस्थेबाहेरून लॉगिन करायच्या इन्फ्लिबनेटच्या सोयीचा, युजर आयडी मागून घ्या. सहसा एक अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, बस्स. मग प्रकाशकाच्या पानावर 'अॅक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन' असं बटण शोधा. तिथे विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव टाका. आपण बोलताना वापरतो तो 'बामू'सारखा (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) शॉर्टफॉर्म टाकून बहुधा हाती काही लागत नाही. लॉगिन झालं की परत त्याच लेखावर येता आणि पीडीएफ उतरते.

आता शोधण्याबद्दल, कारण खरी मेहनत तिथेच आहे. विषय महाराष्ट्राचा असेल तर इंग्रजी स्पेलिंग छळतं. फुल्यांवर शोधताय? जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा, तिन्ही टाकून बघा. 'सत्यशोधक' कुणी एक शब्द लिहितं, कुणी तोडून. बहुतेक डेटाबेसमध्ये शब्दाच्या शेवटी तारांकन (*) दिलं की पुढची सगळी रूपं येतात. हे न करता "माझ्या विषयावर कामच झालेलं नाही" असं सिनॉप्सिसमध्ये ठोकून देणारे दरवर्षी भेटतात. व्हायवात त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

समाजशास्त्रवाल्यांसाठी एक सूचना: जेस्टोर (जुन्या जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह) त्या 30 प्रकाशकांत नाही. संस्थेकडे ते वेगळं घेतलेलं नसेल तर स्वतःचं मोफत खातं काढा. महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड मात्र नाही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंकही तिथे आहेत. आणि शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) आपल्या विषयाचा एखादा प्रबंध उघडून आधी त्याची संदर्भसूची चाळा. प्रबंध सुमार असला तरी सूची कामाची निघते.